पैठणचा नवरदेव

माझी नात रेवा पाच फूट अकरा इंच उंच आहे. दारातून आत येताना ती सवयीनं मान तुकवते आणि मला दर वेळी वाटतं, पोरगी नमस्कार करतेय. गेल्या महिन्यात तिच्या त्या बायकांच्या पगारी बास्केटबॉल लीगची यंदाची खेळाडू-निवड झाली. ती त्याला ड्राफ्ट म्हणते. संघांचे मालक पाळीपाळीनं एकेक मुलगी उचलतात. नाव पुकारलं तर तुम्ही त्या संघाच्या, नाही पुकारलं तर घरी बसा. गारखेड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये सगळं घर एका मोबाइलभोवती कोंडाळं करून बसलं होतं. रेवाचं नाव तिसऱ्या फेरीत आलं. नाचून झालं, रडून झालं, जावईबापूंनी पेढे आणले, आणि मग तिनं मला विचारलं, "आजी, तू कितव्या फेरीत गेली होतीस गं?" मी पदर सावरून म्हणाले, "पहिल्या. चौथी." तिच्या मैत्रिणी माझ्याकडं अशा बघायला लागल्या की मला बसल्या जागी उंच झाल्यासारखं वाटलं.

हे खरं आहे. पण एवढंच खरं मी पन्नास वर्षं सांगत आलेय. उरलेलं आज लिहिते, कारण माझी तेव्हापासूनची मैत्रीण नसीम म्हणाली, "तू नाही लिहिलंस तर मी लिहीन." आणि तिचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं आहे.

तेव्हा पाटीवर आमचं शहर औरंगाबाद होतं आणि आम्ही एस.टी.च्या वर्कशॉपमागं दोन खोल्यांत राहत होतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, वर्कशॉपात फिटर. त्यांच्या कपड्यांना ग्रीसचा वास आणि बोलण्यात तेवढाच तुटकपणा. आई सकाळी भाकऱ्या थापायला बसायची ती वर्कशॉपच्या पहिल्या भोंग्याला, आणि दुसऱ्या भोंग्याला शेवटची भाकर तव्यावरून उतरायची. घड्याळाची गरजच नव्हती. ज्वारी देवगाव रंगारीहून आजोबांच्या शेतातून यायची. सोबत येसराचा, म्हणजे भाजून दळलेल्या मसाल्याच्या पिठाचा, डबा यायचा, आणि त्या येसराच्या आमटीला उकळी फुटली की शेजारचे लोक काहीतरी काम काढून दारात यायचे. घरात तिसरी होती आत्या. अण्णांची थोरली बहीण, लवकर विधवा झालेली, पांढऱ्या लुगड्यातली, हाताला चव आणि जिभेला धार असलेली. आणि चौथी मी, कुसुम. गुडघ्यापर्यंत वेणी, नाकापर्यंत गर्व. आईनं तव्यावरून काढलेली भाकर मी उंबऱ्यात उभी राहून थेट कोपऱ्यातल्या दुरडीत भिरकावायची. दहातल्या आठ आत पडायच्या. आई उलथनं उगारायची, "अन्न हाय ते, कुशे! चेंडू नाय!" दोन जमिनीवर पडायच्या त्या कुणी खाल्ल्या, हे माझ्या आठवणीत नाही, म्हणजे बहुतेक आईनंच.

या भाकरीफेकीमुळं मला वाटायचं, आपण थोर खेळाडू आहोत. आता सांगायला हरकत नाही: मला फक्त एक गोष्ट यायची. उजव्या बाजूला, रिंगपासून आठ-दहा फुटांवर, कुणी मध्ये नसताना, चेंडू अगदी छातीशी आणून दिला तर मी तो आत टाकायची. डावीकडून टाकला की आम्हाला खेळ शिकवणारे भालेराव सर डोळे मिटून घेत. आणि तो चेंडू छातीशी आणून देणारी एकच मुलगी होती, नसीम. सिटी चौकाच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. अब्बांचं घड्याळदुरुस्तीचं इवलंसं दुकान घराच्याच पुढच्या अंगाला. नसीम जेमतेम पाच फूट. पण मैदानावर ती ज्या दिशेला बघायची त्या दिशेला चेंडू कधीच जायचा नाही. ती मैदानाकडेच्या पाण्याच्या टाकीकडं बघायची आणि चेंडू माझ्या हातात. मी अनेकदा चेंडू हातात आल्यावर दचकून तो रिंगकडं फेकलेला आहे, आणि लोकांनी टाळ्या वाजवलेल्या आहेत. सरावानंतर तिच्या घरी गेलं की अम्मी नान-खलियातल्या नुसत्या रश्श्यात नान बुडवून मला द्यायची, कारण मी माळकरी घरातली. आणि मी तो रस्सा कशाचा आहे हे कधीच विचारलं नाही, कारण मी मूर्ख होते पण इतकी नाही.

आता आमच्या वेळच्या लीगबद्दल. शहरातल्या चार हौशी माणसांनी ती काढली आणि चार उन्हाळे चालवली. चार रंगांचे चार संघ. तांबडा संघ गुलमंडीतल्या भांड्यांच्या दुकानाच्या मालकीणबाईंचा. त्यांना सगळे काकू म्हणत. पांढरा एका डॉक्टरीणबाईंचा. निळा चिकलठाण्याकडच्या एका कारखानदारांचा. आणि पिवळा टॉकीजवाल्या शेठचा. मुलींना महिन्याचं मानधन, बूट आणि सहीशिक्क्याचं पत्र मिळायचं. पत्राचं महत्त्व आज कळणार नाही. माझ्या वयाच्या मुलीला आलेलं सहीशिक्क्याचं पत्र म्हणजे एक तर कॉलेजचं नाही तर तलाठ्याचं. दर एप्रिलात मुलींची वाटणी व्हायची. भालेराव सर त्याचे पंच. त्यांनी एक पद्धत बसवली होती. पहिल्या फेरीत एक, दोन, तीन, चार अशी पाळी. दुसऱ्या फेरीत उलटी, चार, तीन, दोन, एक. ते म्हणायचे, "औत बांधाला गेलं की वळून त्याच बांधावरून परत येतं का नाही? तसंच." म्हणजे ज्याची पाळी चौथी, त्याला लागोपाठ दोन मुली उचलता यायच्या. सहा फेऱ्या, चोवीस मुली. अर्ज आले होते बत्तीस.

अर्जात नाव, वय, उंची, आणि त्याखाली एक रकाना होता: "विवाह ठरला आहे काय?" हसू नका. पहिल्या वर्षी निळ्या संघाच्या तीन मुलींची लग्नं ऐन हंगामात लागली आणि कारखानदारांना उरलेल्या तिघींसह पाच जणींच्या खेळात उतरावं लागलं. तेव्हापासून मालकमंडळी उंचीच्याही आधी हा रकाना बघायची. आणि आईबाप खोटं लिहितात हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळं रकान्यावर कुणाचा विश्वास नव्हता. सगळा विश्वास इकडून तिकडून कानावर येण्यावर होता. रेवाच्या अर्जात हा रकाना नाही. मी स्वतः चष्मा लावून बघितला.

त्या वर्षी पाळीच्या चिठ्ठ्या चार दिवस आधी निघाल्या: तांबडा, पांढरा, निळा, पिवळा. पिवळा चौथा. मी फलकासमोर उभी राहिले आणि माझ्या डोक्यात, जे एरवी फारसं वापरलं जात नसे, लख्ख उजेड पडला. पिवळ्या संघाच्या मुलींना टॉकीजचा पास मिळायचा, वाटेल तो सिनेमा, बाल्कनीत. आणि पिवळ्याला लागोपाठ दोन उचली. म्हणजे मी आणि नसीम, दोघी, एकाच संघात, बाल्कनीत. मला शेठच घेणार हे मी धरूनच चालले होते; अडचण एकच होती. नसीम पहिल्या तिघांपैकी कुणीतरी उचलणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. आणि नसीम दुसऱ्या संघात गेली तर माझ्या छातीशी चेंडू आणून देणार कोण? मग मैदानात सगळ्यांना कळणार होतं की कुसुम म्हणजे उजवी बाजू, दहा फूट, बाकी शून्य. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की हे मैत्रीसाठी चाललंय. आज सांगते, घाबरले होते.

नसीमचं वेगळंच होतं. तिच्या अब्बांनी सांगून ठेवलं होतं, "यंदा पत्र आलं तर खेळ. कुणी नाही घेतलं तर चेंडू बास. जूनपासून शिवणक्लास." हे ते रागानं म्हणाले नव्हते. घड्याळात स्प्रिंग बसत नसेल तर बसत नाही, अशा सुरात म्हणाले होते. नसीमनं मला ते हसत सांगितलं. "घेतील गं," मी म्हणाले. "हौ, घेतील की," ती म्हणाली. दोघींना खात्री होती. मला तर एवढी खात्री होती की त्या खात्रीशी जरा खेळून बघावंसं वाटलं.

एप्रिल म्हणजे पापडांचा महिना. एका घरचे पापड एक बाई करत नसे. आज हिच्या गच्चीवर, उद्या तिच्या. सगळ्या जणी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जायच्या, आणि जिच्या घरचे पापड ती चहा नि लाट्या द्यायची. तेलात बुडवलेली उडदाची कच्ची लाटी ज्यानं खाल्ली नाही त्याच्या बालपणाबद्दल मला कणव आहे. आमच्या आत्याच्या हाताला पापडखाराचं माप असं बसलेलं होतं की गुलमंडीपासून छावणीपर्यंत पीठ कुटायला तिलाच बोलावणं. भांडेवाल्या काकूंकडं सोमवारी, डॉक्टरीणबाईंकडं मंगळवारी, कारखानदारांकडं बुधवारी. निवड गुरुवारी. मी हे सगळं बोटांवर मोजलं. टॉकीजवाल्या शेठकडं पापड विकत आणतात, हेही मला ठाऊक होतं. म्हणजे तिघांना कळेल, चौथ्याला नाही. एवढी हुशारी मी गणितात दाखवली असती तर अण्णांनी गावजेवण घातलं असतं.

रविवारी दुपारी आत्या खलबत्त्यात हिंग कुटत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"आत्या, एक सांगू? पण कुणाला बोलू नको."

खलबत्ता थांबला. "मी कुणाला बोलते?"

"नसीमचं लग्न ठरलंय. सुट्टीतच हाय म्हणं."

"अगं बया! कुठला पोरगा?"

याची तयारी मी केली नव्हती. "पैठणचा," मी म्हणाले, कारण त्या क्षणी बाहेर रस्त्यावर कंडक्टर पैठण-पैठण असं ओरडत होता. "मोटारपंप दुरुस्तीचं दुकान हाय."

"घर बरं हाय का?"

"लई बरं."

आत्यानं हिंगाचा वास घेतला आणि समाधानानं मान हलवली. "पोरगी गुणाची हाय. चांगलं झालं. मी कशाला बोलते कुणाला."

पुढचे तीन दिवस ती फक्त पापडाच्या पिठाशी बोलली. पिठाभोवती प्रत्येक गच्चीवर वीस बायका बसलेल्या होत्या, याला तिचा इलाज नव्हता. बुधवारी संध्याकाळी मी मैदानावरून आले तर आत्या दारात पाय सोडून बसलेली. "दमले गं बाई. आज दोन घरं केली. सकाळी कारखानदार, दुपारी टॉकीजवाल्या शेठची आई. म्हातारी म्हणली, यंदा विकतचे नको, घरीच करू." मी तांब्याभर पाणी प्यायले. म्हाताऱ्या बाईला बास्केटबॉलमधलं काय कळतंय, असं मी स्वतःला सांगितलं. आज मी स्वतः म्हातारी बाई आहे आणि मला सगळं कळतं.

निवड टॉकीजमध्येच होती, दुपारच्या खेळाच्या आधी. बाराला आटपायचं, कारण बाहेर तिकिटाच्या खिडकीशी रांग लागायची. पडद्यासमोरच्या फळीवर फळा ठेवलेला, त्यावर चार रंगांच्या खडूंनी चार रकाने. भालेराव सरांच्या हातात माइक, गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेली शिट्टी. पहिल्या रांगेत चार मालक, मागच्या रांगांमध्ये आम्ही बत्तीस जणी, आणि सगळ्यात मागं, दाराशेजारच्या खुर्चीवर, नसीमचे अब्बा. गुडघ्यांमध्ये छत्री उभी धरून बसले होते. एप्रिलात छत्री कशाला, हे मी नसीमला विचारलं. ती म्हणाली, "मालूम नहीं. तीन दिवस झाले, घरात कुणाशी बोलतच नाहीयेत." तिनं नवा दुपट्टा घेतला होता आणि त्याचं टोक बोटाला गुंडाळून सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

पहिली पाळी काकूंची. त्यांनी छावणीची एक उंच मुलगी घेतली. नसीमच्या बोटाला गुंडाळलेला दुपट्टा थांबला. दुसरी डॉक्टरीणबाईंची, त्यांनी दुसरी कुणी घेतली. तिसरी कारखानदारांची, तिसरी कुणी. नसीमनं माझ्याकडं पाहिलं आणि मी, देवाशप्पथ, तिला डोळा मारला. मग शेठ उठले आणि म्हणाले, "कुसुम." माझं नाव त्या टॉकीजच्या कर्ण्यातून आलं. मी पुढं गेले, त्यांनी मला पिवळा बनियन दिला, पाठीवर चार नंबर. मी जागेवर परत येईपर्यंत शेठ पुन्हा उठले होते. मी नसीमचा हात धरला. "माया," शेठ म्हणाले.

नसीमचा हात माझ्या हातात तसाच राहिला. मी शेठकडं बघून मान हलवली, नाही नाही, अशी. ते माझ्याकडं बघून हसले. त्यांना वाटलं, पोरगी खूश झालीय. औत बांधाला वळलं आणि परत निघालं. निळा, पांढरा, तांबडा. तांबडा, पांढरा, निळा. फळ्यावर नावं भरत गेली. ज्या मुलींना चेंडू दोन हातांनी धरता येत नव्हता त्यांची नावं आली. एकदा डॉक्टरीणबाईंनी कागदावर बोट ठेवून हळूच सरांना काहीतरी विचारलं, आणि सर म्हणाले, "तिनं 'नाही' लिहिलंय," आणि बाई म्हणाल्या, "सगळ्याच लिहितात हो." मागच्या रांगेपर्यंत ते ऐकू आलं. नसीमला कळेना की कोणाबद्दल चाललंय. मला कळत होतं.

इथं मी थांबून एक गोष्ट लिहिणार आहे, कारण ती मी नसीमलाही याआधी सांगितली नव्हती. मी तिसऱ्या फेरीलाच उठू शकले असते. चौथ्यालाही. पाचव्यालाही. पण तो पिवळा बनियन माझ्या मांडीवर होता. नवा, कडक, दुकानाचा वास असलेला. मी त्याची घडी उलगडत होते, पुन्हा घालत होते, चार नंबरावरून बोट फिरवत होते आणि दर वेळी म्हणत होते, या फेरीत घेतील. मैत्रीण एका बाजूला, बनियन एका बाजूला, आणि तीन फेऱ्या बनियन जड होता. ही तुमची थोर खेळाडू.

सहाव्या फेरीत पिवळा झाला, निळा झाला, पांढरा झाला. फळ्यावर एकच जागा राहिली, तांबड्याच्या रकान्यातली चोविसावी. बाहेर रांगेतली माणसं दारावर थापा मारत होती. काकू अर्ज चाळत होत्या. तेवढ्यात मागं खुर्चीचा आवाज झाला. अब्बा उठले होते. छत्री काखेत घेऊन ते दाराकडं न जाता आमच्या रांगेपाशी येऊन उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "चल, नसीम." तिनं माझा हात सोडला. चप्पल शोधायला वाकली. वाकली ती पटकन वर झालीच नाही, आणि मला तिचे खांदे दिसले.

मी उभी राहिले. "सर, नसीमचं लग्न ठरलेलं नाय!"

टॉकीजमध्ये आवाज घुमतो. सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुला काय माहीत?"

"कारण ते मी ठरवलं होतं."

मग काकू पूर्ण वळून बसल्या. भारी बाई, वळायला वेळ लागला. "पैठणचा मुलगा?"

"मीच."

"मोटारपंपाचं दुकान?"

"तेपण मीच."

"आणि पायानं थोडा अधू?"

"ते मी नाय केलं. वाटेत कुणीतरी केलं असंल."

"दोन म्हशी?"

"म्हशी आत्याच्या असतील," मी म्हणाले. "तिला घर बरं लागतं."

अख्खं टॉकीज हसलं. दाराबाहेरचे लोकसुद्धा हसले, का ते माहीत नसताना. हसले नाहीत ते दोघंच. नसीम माझ्याकडं बघत होती, आणि मैदानावर कधी होत नसे ते झालं: ती जिकडं बघत होती तिकडंच तिचं मन होतं. अब्बांनी छत्री एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली.

"तीन दिवस दुकानावर लोक मुबारकबाद देतायत, भालेराव साहेब," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "मला वाटलं, पोरीनं कुठं जबान दिली आणि बापाला सांगितलं नाही. विचारलंसुद्धा नाही मी तिला. तीन दिवस तिच्या हातची चाय घेतली नाही." मग ते माझ्याकडं वळले. "बेटा, रिश्ता वाईट नव्हता. पण मला विचारून घ्यायचं."

त्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी बनियनची घडी घातली. नीट बसेना. पुन्हा घातली.

काकूंनी अर्ज खाली ठेवले. "मला पहिल्या पाळीला हीच घ्यायची होती," त्या म्हणाल्या. "म्हशींनी घात केला. लिहा हो सर, चोविसावी, नसीम. आणि भाईसाहेब, पत्र मी उद्या स्वतः तुमच्या दुकानावर आणून देते. माझं घड्याळपण बंद पडलंय." अब्बांनी मान लववली. मग, बहुधा काय करावं ते न सुचून, त्यांनी काकूंचं घड्याळ तिथंच मागून घेतलं आणि कानाला लावलं.

शेठ माझ्याकडं आले. हात पुढं केला. "ठेव बनियन, पोरी." मी दिला. माझ्या जागी त्यांनी उरलेल्यांमधली एक लाजाळू मुलगी घेतली. पुढं ती बरी खेळली, मला कबूल करावंच लागतं. भालेराव सरांनी मला फळ्याशी बोलावलं. मला वाटलं, घरी जा म्हणतील. ते म्हणाले, "हंगामभर तू टेबलावर बसायचं. गुण लिहायचे. तिथं तुला काही ठरवता येणार नाही. दोन्ही संघ मान वाकडी करून बघत असतात."

घरी अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, हात धुतले आणि आत्याला एकच विचारलं, "म्हशी कशाला लावल्या?" आत्या म्हणाली, "रिकामा गोठा बरा दिसत नाय." पण दुसऱ्या दिवशी तीच डोक्यावर पदर घेऊन, घरचे शंभर पापड टोपलीत घालून, नसीमच्या अम्मीकडं गेली. टोपली दोन दिवसांनी परत आली. धुतलेली, पुसलेली, रिकामी. आमच्याकडं काय किंवा त्यांच्याकडं काय, आलेलं भांडं कधी रिकामं परत जात नसे. दुसरं काही नसलं तर चिमूटभर साखर टाकतात. आईनं ती टोपली उपडी करून फडताळावर ठेवली.

दोन महिने मी टेबलावर बसले. पुढं पितळी घंटा, लांबलचक कागद, दोन पेन्सिली. जो मैदानाकडं नुसता बघत बसतो त्याला खेळ किती दिसतो, हे मला तेव्हा कळलं. नसीम चेंडू कुठं देणार हे मला तिच्या संघातल्या मुलींच्या आधी कळायचं. उजव्या बाजूला, दहा फुटांवर, मोकळी जागा असायची, आणि तिथं कुणीच नसायचं. नसीम तिकडं चेंडू टाकायला जायची आणि ऐन वेळी हात वळवायची. मग तिनं तिथं देणंच बंद केलं आणि स्वतः रिंगकडं घुसायला लागली. पाच फुटांची मुलगी! टेबलाजवळून जायची तेव्हा ती माझ्याकडं बघायची नाही. मी तिच्या नावापुढं रेघा ओढत होते. प्रत्येक रेघ मी पेन्सिल चाटून, ठळक ओढली.

शेवटचा सामना तांबडा आणि पिवळा यांच्यात झाला. तांबडा जिंकला. ढोल वाजत होते, काकू सगळ्यांना स्टीलचे पेले वाटत होत्या. नसीम घाम पुसत टेबलाशी आली. माठातलं पाणी प्यायली, पेला खाली ठेवला आणि मैदानाकडं बघत विचारलं, "माझे किती झाले?"

दोन महिन्यांत ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली होती. "बारा," मी म्हणाले.

"चौदा."

"बारा."

"पहिल्या हाफमधला तो कोपऱ्यातला?"

"पाय मैदानाबाहेरच्या रेषेवर होता तुझा. सरांनी दिला नाय."

"तर काय झालं? लिही चौदा. पेन्सिलच तर आहे. कोण बघतंय?"

माझी पेन्सिल हातात होती. दोन महिने मी या मुलीनं बोलावं म्हणून काय काय ठरवलं होतं ते मी इथं लिहीत नाही. दोन गुण म्हणजे काय, दोन रेघा. सामना संपलेला, तांबडा तसाही जिंकलेला. मी कागद तिच्याकडं फिरवला. "बारा," मी म्हणाले. "तूच बघ."

तिनं बघितलं. बोट ठेवून एकेक रेघ मोजली. मग माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली आणि बुटाची नाडी सोडायला लागली. "हौ," ती म्हणाली, "बाराच आहेत." मग दुसऱ्या बुटाला हात घालत म्हणाली, "अम्मी विचारत होती, ती उजवीकडची येत नाही का आता."

लीग पुढच्या उन्हाळ्यानंतर बंद पडली. नसीम मात्र पुढं दहा-बारा वर्षं खेळली, नोकरीही खेळावर मिळाली, आणि लग्न तिनं पैठणच्या नाही, जालन्याच्या मुलाशी केलं. मी टेबलावरच राहिले. शाळांचे, जिल्ह्याचे, विद्यापीठाचे सामने. रेवाच्या पहिल्या सामन्याचे गुणसुद्धा मीच लिहिले आणि ती रडत होती तरी एकही वाढवला नाही.

हे प्रकरण लिहून झाल्यावर मी रेवाला वाचायला दिलं. तिनं वाचलं आणि म्हणाली, "म्हणजे आजी, तू एकही मॅच खेळली नाहीस?" मी म्हणाले, "पहिल्या फेरीत गेले होते ना." मग कागद नसीमकडं पाठवले. तिनं चार दिवस ठेवून घेतले आणि डबा भरून खलियाचा रस्सा सोबत देऊन परत पाठवले. ज्या तीन फेऱ्यांत मी बनियन धरून बसले होते, त्या मजकुरावर तिनं काहीही लिहिलेलं नव्हतं. सगळ्या कागदांत तिची एकच दुरुस्ती होती. शेवटच्या पानावर, लाल पेनानं, बारा खोडून चौदा केलेले होते.

मी बाराच ठेवले आहेत.